खून आणि खूण : मारल्या गेलेल्यांच्या स्मृतीविषयी

१

महाडच्या दक्षिणेला, सावित्रीच्या खोऱ्यात पोलादपूर हे लहानसे तालुक्याचे गाव आहे. 'शिवभारत' या संस्कृत काव्याचा कर्ता कवींद्र परमानंद याची म्हणून ओळखली जाणारी समाधी या गावात आहे. पोलादपूरहून पूर्वेला आंबेनळी घाट चढून गेले की वाडा-कुंभरोशीपाशी प्रतापगडाची वाट फुटते आणि गडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर येते. मधली सीमा रायगड आणि सातारा या जिल्ह्यांची. ती महसुलाच्या सोयीसाठी आखलेली आहे. इतिहासाच्या दृष्टीने हा एकच मुलूख, मोऱ्यांच्या जावळीचा. या घाटवाटेच्या खालच्या टोकाला अफझलखानाच्या वधाचे काव्य रचणारा कवी विसावला आहे आणि वरच्या टोकाला त्या काव्यात मारला गेलेला माणूस.

या दोन दगडांमधले अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्याला कोणीतरी मारले त्याचे सार्वजनिक स्मारक असावे काय, आणि असावे तर ते कसे असावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा राजकारणाचा किंवा कायदा-सुव्यवस्थेचा म्हणून चर्चिला जातो. तो मुळात भाषेचा आणि कथनाचा प्रश्न आहे, असे येथे सुचवायचे आहे. दगड उभा राहण्यापूर्वी शब्द उभा राहिलेला असतो, आणि त्या शब्दानेच दगड कोणाला मिळणार हे ठरवलेले असते.

२

मराठीत माणसाने माणसाला मारण्याच्या कृतीला नाव देताना तटस्थ राहणे फार कठीण आहे. 'खून' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ रक्त. आज तो न्यायालयाचा आणि वर्तमानपत्राचा शब्द आहे. 'हत्या' या शब्दाला पापाची छटा आहे. गोहत्या, ब्रह्महत्या, भ्रूणहत्या या जोडशब्दांतून ती आलेली आहे. 'वध' मात्र या दोहोंपासून वेगळा पडतो. वध कंसाचा होतो, कीचकाचा होतो, जरासंधाचा होतो. वध या शब्दात मारणाऱ्याचे समर्थन आधीच झालेले असते. मारला गेलेला असुरकोटीत जाऊन बसतो आणि असुराचे स्मारक उभारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मारल्या गेलेल्याकडून पाहिले तर शब्दसंग्रह आणखीच अपुरा आहे. आपला माणूस मारला गेला तर तो 'हुतात्मा' किंवा 'शहीद'. १९४२ च्या सप्टेंबरात महाडच्या मोर्च्यावर झालेल्या गोळीबारात पडलेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु हुतात्मा या शब्दात स्वतःची आहुती देण्याची कल्पना आहे. म्हणजे मरण त्याने पत्करलेले असावे लागते. ज्याने मरण पत्करले नव्हते, जो केवळ मारला गेला, त्याच्यासाठी 'बळी' हा शब्द उरतो. बळी म्हटले की देव आला, वेदी आली आणि कोणत्यातरी फलाची अपेक्षाही आली. ही गृहीतके बाजूला ठेवून केवळ मारला गेलेला माणूस दाखवणारा, घरगुती वापरातला साधा शब्द मराठीजवळ नाही. 'पीडित' हा अलीकडचा शासकीय शब्द आहे आणि तो जिवंतांनाही लागतो.

महाराष्ट्रातील वीरगळ हे या उणिवेचे जुने शिल्परूप म्हणता येईल. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरांनी वर नेणे, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. गाईगुरे सोडवताना पडलेला असो वा गावावरच्या धाडीत, मरणाचे वीरमरणात रूपांतर झाल्याखेरीज त्याला दगड मिळत नाही. आणि रूपांतर झाले की नावाची गरज उरत नाही. बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. स्मृती टिकते ती वीराची. माणसाची पुसली जाते.

३

१० नोव्हेंबर १६५९ च्या प्रसंगाची मराठी संहिता या शब्दव्यवस्थेतच घडली. या प्रसंगावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा मराठीतील उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. ॲकवर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे तो छापील रूपात वाचकांपुढे आला. म्हणजे मराठी ऐतिहासिक काव्याची ज्ञात सुरुवात एका मारले जाण्याच्या कथनाने होते. परमानंदाने हाच प्रसंग पुराणाच्या चौकटीत बसवला. त्याच्या काव्यात शिवाजी महाराज विष्णूचा अंश आहेत आणि प्रतिपक्ष दैत्यांचा. त्या चौकटीत पहिला वार कोणाचा हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण निकाल अवताराच्या प्रयोजनातच सामावलेला असतो.

सभासदाची बखर, जी १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिली गेली, या बाबतीत अधिक गुंतागुंतीची आहे. सभासद खानाची तुलना दुर्योधनाशी करतो आणि महाराजांची भीमाशी. ही तुलना आजवर बहुधा गौरवाच्या अंगाने वाचली गेली. पण भारत ऐकून वाढलेल्या श्रोत्याला भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध म्हटल्यावर मांडीवरचा प्रहार आठवल्यावाचून राहत नाही. तो प्रहार युद्धनियमाबाहेरचा होता आणि बलराम त्यावर संतापला होता. सभासदाला महाराजांवर दोष ठेवायचा नव्हता हे उघड आहे. त्याच्या कथनात पहिला घात खानच करतो. तरीही त्याने निवडलेली उपमा मारल्या गेलेल्याला राक्षस होऊ देत नाही. दुर्योधन हा शत्रू खरा, पण तो कुळातला, बरोबरीचा आणि राजाच. त्याच महाभारतात युद्ध संपल्यावर युधिष्ठिर दोन्ही बाजूंच्या मृतांचे अंत्यसंस्कार करवतो. रामायणात रावणाचे उत्तरकार्य करण्यास बिभीषण कचरतो तेव्हा राम त्याला सांगतो की वैर मरणाबरोबर संपले. वधाच्या परंपरेतच वधानंतरच्या कर्तव्याचा हा दुसरा धागा आहे. आपण पहिला उचलला आणि दुसऱ्याकडे फारसे पाहिले नाही.

प्रतापगडच्या कबरीमागे हा दुसरा धागा आहे. खानाचे दफन महाराजांच्या आज्ञेने, त्याच्या धर्माच्या रीतीने झाले, असे परंपरा सांगते. दुसरी परंपरा अशी, की खानाचे शीर गडावर पुरले आणि त्यावर बुरूज उभा राहिला. तो आजही अफझल बुरूज म्हणून दाखवतात. दोन्ही परंपरा शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, त्या शेजारी शेजारी नांदल्या हे महत्त्वाचे आहे. वर विजयाची खूण, खाली मृताची. एक खूण दुसरीला खोटी ठरवत नव्हती.

४

वध या शब्दाची आधुनिक परीक्षा झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तिची सुरुवात महाड तालुक्यातल्या एका समाधीपासून होते. रायगडावरील शिवसमाधीच्या दुरवस्थेबद्दल जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने हळहळ व्यक्त केली होती. १८९५ मध्ये टिळकांनी स्मारकासाठी निधीची चळवळ उचलून धरली आणि १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. पुढच्या वर्षी, प्लेगच्या सावटात, जून १८९७ मध्ये पुण्याच्या उत्सवात अफझलखानाच्या वधाच्या नैतिकतेवर व्याख्यान झाले. अध्यक्षस्थानावरून टिळकांनी गीतेचा आधार घेतला. निष्काम बुद्धीने, लोककल्याणासाठी केलेल्या कृत्याचे पाप कर्त्याला लागत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तान्त आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २३८ वर्षांपूर्वीच्या घटनेला कोणते नाव द्यायचे, हा प्रश्न अशा रीतीने फौजदारी न्यायालयात पोचला.

या प्रकरणातील मृतांची यादी स्मारकाच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. चापेकरांचे स्मारक चिंचवडला आहे, चौकाला त्यांचे नाव आहे. त्यांना फाशी झाली आणि ते हुतात्मे ठरले. रँडचे नाव त्याला मारणाऱ्यांच्या चरित्रातून टिकले. परंतु आयर्स्टचे काय? हा लेफ्टनंट रँडच्या गाडीत नव्हता, मागून येणाऱ्या गाडीत होता, आणि चुकीने मारला गेला. ज्या द्रविड बंधूंनी माहिती दिली त्यांना फेब्रुवारी १८९९ मध्ये पुण्यातच मारण्यात आले. त्यांच्या मरणाला 'वध' म्हणावे इतके ते मोठे नव्हते, 'हौतात्म्य' म्हणावे अशा बाजूला नव्हते, आणि 'खून' म्हणावे तर मारणाऱ्यांच्या गौरवाला बाध येतो. त्यांच्यासाठी शब्दच नाही, म्हणून स्मृतीही नाही. येथे चापेकरांचे मूल्यमापन करण्याचा हेतू नाही. एका पूज्य ठरलेल्या कृत्यात जे मारले जातात त्यांना भाषा कशी गाळून टाकते, एवढेच दाखवायचे आहे.

रंगभूमीवर हेच झाले. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये आले. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. सरकारचे वाचन साहित्यदृष्ट्या चूक नव्हते. वध हा शब्द शीर्षकात आला की पात्राचा न्याय पडदा उघडण्याआधीच झालेला असतो. पुढे १९४८ मध्ये गांधींच्या मृत्यूला कोणी 'खून' म्हटले, कोणी 'हत्या', आणि काहींनी जाणूनबुजून 'वध'. कटातील एक आरोपी गोपाळ गोडसे यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात 'गांधीहत्या' हा शब्द वापरला, हे या संदर्भात लक्षणीय आहे. त्या खुनानंतरच्या जाळपोळीत ज्यांची घरे गेली, ज्यांचे जीव गेले, त्यांच्यासाठी चौथरा उभारणे सार्वजनिक जीवनाला अवघड होते. ते काम व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीने केले. तिने पक्ष घेतला नाही, पण जे घडले ते घडले असे सांगितले.

५

पुन्हा जावळीकडे वळू. प्रतापगड ज्या डोंगरावर उभा आहे तो आणि पलीकडचा रायरीचा डोंगर, म्हणजे आजचा रायगड, दोन्ही मोऱ्यांच्या अमलात होते. जानेवारी १६५६ मध्ये जावळी पडली, चंद्रराव रायरीला गेला, रायरीही पडली आणि मोऱ्यांची सत्ता संपली. सभासदाच्या कथनानुसार बोलणी करण्यास गेलेल्या रघुनाथ बल्लाळाने चंद्ररावाला आणि त्याच्या भावाला कट्यारीने मारले. यदुनाथ सरकारांनी १९१९ मधील आपल्या शिवचरित्रात या कृत्याला खून म्हटले. जेधे शकावली आदी साधनांच्या आधारे मराठी अभ्यासकांनी घटनाक्रम निराळा असल्याचे दाखवून त्याचा प्रतिवाद केला. हा वाद साधनांच्या पातळीवर आवश्यकच होता. पण त्यात चंद्रराव हा माणूस दोन्ही बाजूंच्या हातून निसटला. एकासाठी तो आरोपपत्रातील पुरावा, दुसऱ्यासाठी स्वराज्याच्या वाटेवरील अडथळा. ज्या रायगडाच्या स्मारकासाठी साऱ्या महाराष्ट्राने निधी दिला, त्याच डोंगरावर त्याने अखेरचा आश्रय घेतला होता, हे आज किती यात्रेकरूंना ठाऊक असते?

खानाच्या बाजूनेही असाच शोध घेतला पाहिजे. अन्यथा कबरीबद्दलची सहानुभूती आंधळी होईल. शिऱ्याचा राजा कस्तुरीरंग भेटीस आला असता अफझलखानाने त्याला ठार केले, असे इतिहास नोंदवतो. महाराजांचे वडील बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले, त्याचा दोषही खानाकडे जातो. विजापूरजवळ अफझलपुऱ्यात खानाने स्वतःसाठी बांधवलेली कबरीची इमारत रिकामी राहिली. जवळच एका चौथऱ्यावर एकाच घडणीच्या साठाहून अधिक कबरी ओळीने आहेत. मोहिमेवर निघण्यापूर्वी भविष्याला भिऊन खानाने आपल्या बायका मारवल्या, त्यांच्या या कबरी, अशी दंतकथा आहे. इतिहासाला ती सिद्ध करता आलेली नाही. पण ती खरी असेल, तर या साऱ्या कथेत निःसंशय 'खून' हा शब्द ज्यांना लागू पडतो त्या या स्त्रिया. आणि त्यांना दगड मिळाले, नावे मिळाली नाहीत. मारणाऱ्याच्या नावानेच त्यांची जागा ओळखली जाते. वीरगळ आणि ही कबरींची रांग, दोन्ही निनावी असूनही एकमेकांच्या अगदी उलट आहेत. वीरगळात नाव गौरवात विरले. येथे ते मालकीत विरले.

६

प्रतापगडच्या कबरीचे विसाव्या शतकातील चरित्र हे एका खुणेचे दोन टोकांना जाणारे अर्थांतर आहे. १९५७ च्या ३० नोव्हेंबरला पंडित नेहरूंच्या हस्ते गडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. नेहरूंनी पूर्वी आपल्या ग्रंथात अफझलखान प्रकरणी केलेली, आणि पुढे बदललेली, टीका संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांना विसरता आली नव्हती. त्या दिवशीच्या मोर्च्यामागे भाषिक राज्याच्या मागणीबरोबर हेही शल्य होते. वर पुतळ्याचे राजकारण चालू असताना खाली कबरीभोवती हळूहळू बांधकामे वाढली. तिला न्यास लाभला, उरुसाचे रूप येऊ लागले, सरदाराचा संत होऊ लागला. प्रतिक्रियेत कबर समूळ उखडण्याची मागणी झाली आणि परिसर अनेक वर्षे पोलिसांच्या पहाऱ्यात राहिला. २००९ च्या सप्टेंबरात मिरजेत गणेशोत्सवातील कमानीवरच्या अफझलखान-वधाच्या चित्रावरून दंगल उसळली. १० नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेच्याच तारखेला, प्रशासनाने वनजमिनीवरील अनधिकृत बांधकामे पाडली; दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अहवाल मागवला. मूळ कबरीला हात लावलेला नाही, अशी प्रशासनाची भूमिका होती.

अनधिकृत बांधकाम पाडणे हा कायद्याचा विषय आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. निवडलेली तारीख मात्र कायद्याची नव्हती. ती कथनाची होती. तिने पाडकामाला वधाच्या पुनरावृत्तीचा अर्थ दिला. दुसऱ्या बाजूने, सरदाराचा पीर करणे हेही कथनच होते. त्याने दफनाला नवसाचा अर्थ दिला. दोन्ही बाजूंनी गृहीत धरले ते एकच : कबर म्हणजे गौरव. एकाने म्हणून ती वाढवली, दुसऱ्याने म्हणून ती नाहीशी करू पाहिली. कबर हा मुळात निवाडा नसतो, या ठिकाणी या दिवशी हा माणूस मारला गेला एवढेच ती सांगते, ही सतराव्या शतकाला अवगत असलेली गोष्ट विसाव्या शतकाला पेलली नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. आक्रमण करून आलेल्या सेनापतीचे स्मरण करायला लावणे म्हणजे ज्यांनी त्याचे आक्रमण सोसले त्यांच्यावर दुसरा अन्याय नव्हे काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर असे, की स्मारक या एकाच शब्दाखाली आपण दोन भिन्न गोष्टी कोंबतो. पुतळा, चौक, उत्सव ही अनुकरणासाठी केलेली आवाहने आहेत; ती अफझलखानाला देण्याचे कारण नाही. नाव, दिवस आणि जागा सांगणारी खूण ही मात्र पुराव्याच्या आणि माणुसकीच्या कोटीतील आहे; ती मारल्या गेलेल्या कोणालाही नाकारण्याचे कारण नाही. तो निरपराध होता की नव्हता हा खुणेचा प्रश्नच नाही. तो प्रश्न इतिहासाचा आहे, आणि इतिहासाने तो वारंवार उलगडत राहावा यासाठीच खूण शाबूत हवी.

७

महाडने या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिलेले आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून परतणाऱ्या प्रतिनिधींवर गावात हल्ले झाले, माणसे रक्तबंबाळ झाली. डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले आणि न्यायालयाची वाट धरली. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दर वर्षी २० मार्चला महाडात जो समुदाय जमतो तो मार खाल्ल्याची आठवण काढायला येत नाही. पाण्यावरचा हक्क पुन्हा उच्चारायला येतो. तेथे स्मृतीचा विषय प्रहार नाही, प्रहाराने जी कृती थांबली नाही ती आहे. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला त्याच पुलावर जमण्याचा परिपाठ त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवला, तोही याच जातीचा. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले आणि तिघांना निर्दोष सोडले. न्यायालयाचा शब्द येण्यास जवळजवळ अकरा वर्षे लागली, तोवर जागा आणि तारीख यांनीच स्मृती धरून ठेवली.

उलट २००६ च्या खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने खून मान्य केला, पण अत्याचार-प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. शब्द निम्माच मिळाला. उरलेला निम्मा गावाच्या नावाने भरून काढला : 'खैरलांजी' हा आज मराठीत स्थळवाचक शब्द राहिलेला नाही. ही भाषेने आपणहून उभारलेली खूण आहे. पण त्यात मृतांची नावे मागे पडून ज्या गावात ते मारले गेले त्याचे नाव पुढे आले, हे लक्षात ठेवले पाहिजे. विजापूरच्या चौथऱ्यावरील रांगेचीच ही आठवण म्हणावी लागते.

तेव्हा साहित्यविचाराचे काम स्मारके उभारण्याचे किंवा पाडण्याचे नाही. वध, हत्या, खून, हौतात्म्य या शब्दांनी केलेले आगाऊ निवाडे वेगळे काढून दाखवणे, आणि त्या निवाड्यांखाली दबलेले नाव परत वाचता येईल असे करणे, एवढे त्याला करता येते. पोलादपूरच्या समाधीतील कवीने आपल्या काळाला योग्य वाटला तो शब्द निवडला. आपण त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. पण घाटाच्या वरच्या टोकाला असलेली खूणही त्याच काळाने, त्याच शिवकालाने, ठेवलेली आहे. परमानंदाचे काव्य वाचताना ती कबर डोळ्यांसमोर असावी आणि कबरीपाशी उभे असताना ते काव्य आठवावे. या दोहोंपैकी एक नाहीसे झाले, तर उरलेल्याचा अर्थही निम्मा होईल.